चौथी ओळ, पाचवं घर

“सात दिवसांचे सात पेपर, आन् एकाची घडी मोडली असंल तर शप्पथ,” मेहरुनभाभी माझ्या कानाशी पुटपुटली. “रद्दीवाला म्हणाला, ह्ये तर कोरं करकरीत हायत की.”

आम्ही दोघी तिच्या सोप्यात बसून तोरणाचे मणी निवडत होतो. पांढरे एका ताटलीत, लाल दुसरीत. रमजानभाई आमच्यापासून तीन हातांवर, खुर्चीत. मांडीवर त्या दिवसाचा पेपर, घडी घातलेलाच. नजर समोरच्या तंबोरेवाल्यांच्या कट्ट्यावर मांडलेल्या भोपळ्यांवर. त्यांना ऐकू गेलं असणारच. मिरजेतल्या आमच्या गल्लीत कानात बोललेलं चार घरांपर्यंत जातं, आणि भाभीचं कानात बोलणं म्हणजे इतरांचं अंगणातलं बोलणं.

“मग बंद कर की पेपर,” मी म्हणाले.

“बंद कसा करू?” तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच काही वंगाळ बोलले.

पेपर बंद करायचा तर का बंद केला ते सांगावं लागलं असतं. आणि ते त्या घरात कुणी बोलत नव्हतं.

मार्च महिन्यात रमजानभाईंच्या मेंदूला झटका येऊन गेला. पाच दिवस दवाखान्यात होते. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, चहात साखर कमी पडली हे ओळखणारी जीभसुद्धा शाबूत. सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर पॅसेजमध्ये घेतलं. भाभी, मुलगा तारिक, सून नूरीन आणि शेजारधर्म म्हणून डबा घेऊन गेलेली मी. डॉक्टर म्हणाले, “डोळे चांगले आहेत. लिहितीलही. पण लिहिलेलं ओळखणारा मेंदूतला एक कोपरा गेलाय. वाचणं परत येईल का, आज सांगता येत नाही.” आम्ही चौघांनी माना हलवल्या. नंतर रिक्षात बसताना भाभी म्हणाली, “देवाच्या दयेनं सगळं नीट हाय,” आणि आम्ही परत माना हलवल्या. तेव्हापासून ते नीटच होतं.

रमजानभाई रोज सकाळी पेपर मांडीवर घेत. बाजाराची यादी त्यांच्या सुरेख अक्षरात लिहून देत. भाभी विचारायची, “ह्ये काय लिवलंय दुसऱ्या ओळीत?” तर म्हणत, “चौथीपर्यंत शिकलीस की. वाच.” भाभी वाचायची. एवढंच. स्वतः लिहिलेली ओळ त्यांना पुन्हा सांगता येत नव्हती, हे भाभीला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं नाही. सोडलं असतं तर त्यांना कळलं असतं की तिला कळलंय.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर एवढं जड गेलं नसतं. पण हा माणूस अक्षरांतला. सांगलीच्या एका छापखान्यात त्यांनी तेहेतीस वर्षं काढली. सुरुवातीला खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ लावायची. संध्याकाळी घरी येताना पिशवीत खराब झालेली प्रुफं असत. भाभी त्यांत भाकरी बांधायची. त्याआधी ती प्रुफं माझ्याकडं यायची, कारण मी सातवीत शाळा सोडलेली आणि वाचायला मिळेल ते वाचणारी. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, कुणाच्या तरी वर्षश्राद्धाच्या आठवणी. आज मला जे चार शब्द लिहिता येतात ते तेलकट डागांच्या आधी वाचलेल्या त्या प्रुफांवर.

प्रूफ तपासून झालं की रमजानभाई कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं लिहीत, ‘वाचलं’, आणि खाली एक ‘र’. त्याशिवाय मशीन फिरायचं नाही. मालक समोर उभे असले तरी नाही.

हीच पद्धत पुढं तारिकनं उचलली. तो दिव्यांचे बोर्ड करतो, लाल ठिपक्यांची अक्षरं सरकत जातात ते. दवाखाने, दूधडेऱ्या, शाळा. बोर्डात भरायचा मजकूर आधी कागदावर काढायचा, अब्बांच्या पुढं ठेवायचा, अब्बांनी ‘वाचलं’ लिहायचं, मग तो बोर्डामागच्या इलेक्ट्रॉनिक कार्डात भरायचा. आठ वर्षांत एक चूक नाही.

एप्रिलमध्ये झाली. तारिकनं दोन कागद पुढं ठेवले. घाईत त्यांच्यावरच्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या उलटसुलट लागल्या होत्या. अब्बांनी दोन्हीवर ‘वाचलं’ लिहिलं. मग दोन दिवस एका गावच्या डेरीवर ‘दात काढण्याची वेळ सकाळी नऊ ते एक’ असं सरकत राहिलं, आणि दाताच्या डॉक्टरांच्या दारावर ‘म्हशीचे दूध पहाटे साडेपाचपासून’. डॉक्टरांकडं म्हणे खरंच एक बाई किटली घेऊन आली होती.

गल्ली हसली. तारिकनं सगळ्यांना सांगितलं की कार्ड बिघडलं. आम्हीही तेच सांगितलं. माझ्या यजमानांनी तर कार्ड कसं बिघडतं यावर कट्ट्यावर अर्धा तास भाषण दिलं. रमजानभाईंनी ते ऐकून घेतलं आणि ते उठून आत गेले.

तेव्हापासून नूरीन एक करायची. अब्बांची सही झालेला कागद कार्डात जाण्याआधी स्वयंपाकघरात नेऊन ओट्याशी उभी राहून वाचायची. तारिकला ठाऊक होतं. भाभीला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं, कारण मी एकदा विरजण मागायला गेले होते.

जूनमध्ये घाटाचं काम आलं. वाईवरून पाचगणीला चढणाऱ्या रस्त्यावर चार बोर्ड लावायचे, श्रावण लागायच्या आत. एका माणसानं खाली चौकीत बसून बटण दाबायचं आणि चारही बोर्डांवर तो निरोप उमटायचा. तारिकनं नेहमीची अक्षरं लावून एक बोर्ड गच्चीवर पेटवून बघितला. गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि तोंड पाडून आला.

“अक्षरांची पोटं भरत्यात, मावशी,” तो मला म्हणाला. “ही अक्षरं कागदासाठी केलेली. ठिपक्यांत कोंबली की लांबनं नुसता लाल ढेकूळ. धुक्यात तर काय दिसंल?”

“अब्बांची अक्षरं लाव की,” नूरीन म्हणाली.

ती अक्षरं अशी. नव्वद-एक्क्याण्णव साली छापखान्यात कॉम्प्युटर आला, आणि टकटक करत ठिपक्यांनी छापणारा प्रिंटर. त्यावर चालतील अशी मराठी अक्षरं मालकांना कुठली पसंत पडेनात. रमजानभाईंनी एक इंग्रजी पुस्तक आणलं, डिक्शनरी लावून वाचलं, आलेखाच्या वहीत चोवीस घरं उभी आणि चोवीस घरं आडवी आखली आणि एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यानं भरलं. चार महिने लागले. पुढं बारा-पंधरा वर्षं त्या छापखान्यातलं सगळं त्या अक्षरांत निघालं. ठिपक्यांसाठीच जन्मलेली अक्षरं. ती घाटात दिसली असती.

पण वही छापखान्याच्या खालच्या कपाटात होती आणि एकोणीस सालच्या पुरात कपाट सात दिवस कृष्णेत होतं. मालकांचे चिरंजीव वीरधवल यांना तारिकनं फोन केला. ते म्हणाले, वही गेली, पण जुन्या फ्लॉप्यांची एक सीडी माळ्यावर असेल. निघाली. त्यातल्या एका फायलीचं नाव होतं RAMJAN.

नूरीन साताऱ्याची. तिथं कॉम्प्युटरचं शिकलेली. ती फाइल उघडून बसली तेव्हा मी सोप्यातच होते. पडद्यावर नुसता भाजीपाला. चांदण्या, चौकोन, मधेच हसरं तोंड.

“ही अक्षरं?” भाभी म्हणाली. “ह्यास्नी काय झालं?”

“अम्मी, फायलीत अक्षर नसतं. आकडे असतात. एकेका आकड्यात आठ ठिपक्यांची जागा. कुठला पेटवायचा आणि कुठला विझवायचा, एवढंच लिहिलेलं असतं.” मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागली. “आपण असं करू, पेटलेल्याला फुली आणि विझलेल्याला टिंब. म्हणजे साध्या कागदावर साध्या डोळ्यांनी दिसेल. एखादी फुली चुकली तर खोडता येईल, नवी घालता येईल. मग परत आकडे करून बोर्डात भरायचं.”

तिनं हिशेब केला. फाइल तेरा हजार एकशे चार आकड्यांची. एका अक्षराला बहात्तर लागतात. म्हणजे एकशे ब्याऐंशी अक्षरं, बरोबर, शिल्लक काही नाही. तिचं तोंड उजळलं. तासाभरात तिनं काहीतरी लिहिलं आणि प्रिंटरमधून फुल्या-टिंबांचा कागद काढला.

सगळी अक्षरं आडवी झोपलेली. शिरोरेघ डाव्या हाताला खांबासारखी उभी आणि अक्षर तिला पाय लावून पडलेलं. मान वाकडी केली की ‘ग’ दिसायचा.

“कुठं चुकलं?” नूरीन कागदाकडं बघत राहिली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. संगणकातलं मला काही कळत नाही, पण फुल्या-टिंबांचा कागद मी तीस वर्षं बघतेय. तोरणात ‘सुस्वागतम्’ घालायचं तर असाच कागद लागतो.

“तू ओळी करून वाचतेस,” मी म्हणाले. “ह्या ओळी नसतील. सरी असतील. तोरण आपण आडवं ओवत नाही. एक सर वरून खाली, की तिच्या शेजारी दुसरी. तो प्रिंटर कसा छापायचा? टकटक करत डावीकडून उजवीकडं जायचा ना? म्हणजे एका टकटकीला एक उभी सर.”

नूरीन माझ्याकडं बघत राहिली. “चोवीस सुया,” ती म्हणाली. “एका वेळी उभ्या चोवीस सुया. मावशी, तुम्ही कुठं शिकलात?”

“ताटलीत,” भाभी म्हणाली आणि माझ्या मण्यांकडं बोट केलं.

नूरीननं ओळींच्या सरी केल्या. दुसरा कागद निघाला. अक्षरं उभी राहिली होती, पण सगळीच्या सगळी तोंड फिरवून. आरशात दिसावीत तशी.

“उलटं आलं,” ती रडकुंडीला आली. “आता सगळीच उलटी झाली.”

“आडवा होता तवाच बरा होता की बिचारा,” भाभी म्हणाली.

खुर्चीतून आवाज आला. आधी आम्हाला कळलं नाही की कसला. रमजानभाई हसत होते. पोट हलवून, पेपर मांडीवरून घसरेपर्यंत. मार्चनंतर पहिल्यांदा.

“उलटं न्हाई ते,” ते म्हणाले. “खिळा असाच असतो. कागदावर सरळ उठायचं तर खिळ्यावर उलटं पाहिजे. मी पंधरा वर्षं खिळे बघितलेले. ‘ग’ काढ म्हटलं की माझा हात तसाच काढणार. चार महिने बसून एकशे ब्याऐंशी अक्षरं काढली आन् पहिला कागद निघाला, तर सगळं आरशातलं. मालक दुपारच्या बसनं यायचे होते.”

“मग?” नूरीननं विचारलं.

“मग काय. परत चार महिने कोण काढणार? प्रोग्रॅमात एक ओळ घातली. शेवटच्या सरीपासनं छाप, पहिलीकडं ये. मालक आले, खूश झाले. कुणाला सांगितलं न्हाई ते आजपर्यंत.”

“मलाबी न्हाई?” भाभी म्हणाली.

“तुला सांगितलं असतं तर मालकाला बसमधीच कळलं असतं.”

नूरीननंही ती एक ओळ घातली. तिसरा कागद निघाला आणि त्यावर अक्षरं अशी होती की मला वाटलं, समोर जुन्या प्रुफांतलं कुणी ओळखीचं येऊन उभं राहिलंय. तोच ‘ळ’, दोन्ही पोटं मोकळी. तोच ‘श’, मान ताठ.

आता एकच गाठ उरली. काही तुकडे सुटे होते. एखादी आकडी, एखादा बाक, एखादा दांडा. अक्षरांत कुठं जोडायचे ते कळत नव्हतं, आणि क्रम म्हणावा तर क-ख-ग असाही नव्हता. नूरीन कामात इतकी बुडाली होती की विसरली. कागद घेऊन सरळ खुर्चीपुढं गेली आणि बोट ठेवून म्हणाली, “अब्बा, हे काय आहे हो?”

भाभीच्या हातातला मणी पडला. तो घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेल्याचा आवाज मला अजून आठवतो. नूरीनच्याही लक्षात आलं. तिचा हात तसाच राहिला.

रमजानभाईंनी कागदाकडं बघितलं. मग भोपळ्यांकडं.

“कितवं हाय?” त्यांनी विचारलं.

“सत्तेचाळीसावं.”

त्यांनी उजवा हात हवेत उचलला. समोर काहीतरी तिरकं मांडून ठेवलंय अशा बेतानं बोटं डावीकडून उजवीकडं, मग खाली सरकली. “आडवी चौदा घरं,” ते पुटपुटले. “चौथी ओळ, पाचवं घर.” आणि चिमटीत खिळा उचलावा तशी बोटं मिटली. “रफार.”

नूरीननं एका ‘क’च्या डोक्यावर ती आकडी चढवून बघितली. रफारच होता.

फायलीतला क्रम म्हणजे छापखान्यातल्या केसचा, खिळे ठेवायच्या घराघरांच्या लाकडी पेटीचा, क्रम होता, घरामागून घर. तेविसावं? दुसरी ओळ, नववं घर, अर्धा ‘श’. नव्वदावं? सातवी ओळ, सहावं घर, ‘र’चा पाय. त्या दुपारी सोळा तुकडे त्यांनी हवेतून काढून दिले. चहा गार झाला आणि त्यांनी तसाच प्यायला. साखरेबद्दल बोलले नाहीत.

तारिक संध्याकाळी आला तेव्हा शेवटचे दोन चालू होते. दारातच उभा राहिला. नूरीन कागद धरतेय, अब्बा उत्तर देतायत, उत्तर बरोबर निघतंय. त्याचे डोळे भरले. तो आत हातपाय धुवायला गेला आणि तोंडावर पाणी मारल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी घरी निघाले तेव्हा भाभी दारापर्यंत आली.

“लय दिवसांनी हसले,” ती म्हणाली.

“हसले खरे.”

“नंबर इचारत हुते.”

“हो.”

“कागदाकडं बघितलंच न्हाई.”

“नाही बघितलं.”

भाभीनं उंबऱ्यापाशी पडलेला तो मणी वाकून उचलला. मग ती म्हणाली, “उद्या मेथी आणली तर निवडायला यी,” आणि आत गेली.

आठवडा गेला. नूरीननं अक्षरं बोर्डात चढवली. गच्चीवर पेटवून तारिक गल्लीच्या टोकाला गेला, तिथून पुढं मिशन हॉस्पिटलच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथून फोन करून ओरडला की ‘वळण’ वाचता येतंय. रमजानभाई गच्चीवर चढले होते. बोर्डाकडं तोंड करून उभे. लाल उजेड त्यांच्या चष्म्यावरून सरकत होता.

घाटाचे कागद रविवारी सकाळी निघाले. चार निरोप, चार कागद. पहिलं बटण, पुढे तीव्र वळण, वेग कमी करा. दुसरं, धुके आहे, दिवे लावा. तिसरं, दरड पडली आहे, थांबा. चौथं, रस्ता मोकळा आहे. तारिक सोमवारी पहाटे माल घेऊन निघणार होता.

मी मेथी निवडायला गेले होते. स्वयंपाकघरात तारिक आणि नूरीन बोलत होते, हळू आवाजात. त्यांच्यातला हळू आवाज भाभीकडूनच आलेला.

“आता तू माघारी वाचू नकोस,” तारिक म्हणाला. “अब्बांना येतंय आता. तू बघितलंस की परवा. कळलं त्यांना की आपण मागनं तपासतोय, तर काय वाटंल?”

“अहो, पण एकदा नजर टाकली तर बिघडतं काय? घाटातलं काम आहे.”

“विश्वास ठेव की त्यांच्यावर. त्यांनी ‘वाचलं’ लिवलं की मी भरणार. आठ वर्षं तसंच केलं.”

आतून नूरीननं भांडं सरकवल्याचा आवाज आला. मी मेथीच्या काड्या मोडत राहिले. भाभीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि निवडलेली पानं परत देठांत टाकली. खुर्चीत रमजानभाई, मांडीवर रविवारचा जाडजूड पेपर, घडी घातलेला. त्यांची बोटं पेपराच्या कडेवरून वरखाली फिरत होती.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझी जीभ काही लहान नाही. पण त्या घरानं मला वाचायला कागद दिले होते, आणि ते वाक्य माझ्या तोंडून जावं असं मला वाटेना. भाभीला वाटत असेल की तिच्या तोंडून नको. नूरीनला वाटत असेल, सून म्हणून कसं बोलू. असं प्रत्येकाचं काही ना काही कारण होतं आणि सगळ्यांची कारणं चांगली होती.

तारिक कागद घेऊन बाहेर आला. रमजानभाईंच्या मांडीवरचा पेपर त्यानं उचलून बाजूला ठेवला, पाटी ठेवली, पाटीवर चार कागद आणि त्यांवर लाल पेन्सिल. टोक त्यानं मुद्दाम नवं काढलं होतं.

“अब्बा, तुमचीच अक्षरं,” तो म्हणाला. “घाटात लागणार. एकदा बघून घ्या.”

रमजानभाईंनी पहिला कागद उचलला. लांब धरला, जवळ धरला. खाली ठेवला. दुसरा उचलला. खालच्या दोन कागदांना त्यांनी हात लावला आणि काढून घेतला.

“‘थांबा’चा कुठला?” त्यांनी विचारलं.

“तिसरा.”

“वरनं तिसरा?”

“व्हय.”

“तूच लावलेस ना ओळीनं?”

“मीच लावले,” तारिक हसला. “तुम्ही बघा की. तुमच्या पुढ्यात हाय.”

रमजानभाईंचा हात उचलला गेला, परवासारखा. हवेत थोडा वेळ राहिला. पण तिथं आता केस नव्हती, चौदा घरं नव्हती. कुणीही कुठलाही कागद कुठंही ठेवू शकत होतं. हात खाली आला.

त्यांनी पेन्सिल घेतली. सर्वांत वरच्या कागदाच्या कोपऱ्यात ‘वा’ काढला. सुंदर काढला, नेहमीसारखा. मग ‘च’. भाभीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. नूरीन स्वयंपाकघराच्या दाराशी. गल्लीत कुणीतरी भोपळ्यावर टिचकी मारून आवाज बघत होतं, एक, मग थांबून दुसरी.

पेन्सिल थांबली. स्वतः काढलेल्या त्या दोन अक्षरांकडं रमजानभाई बराच वेळ बघत राहिले, आणि मला दिसलं की ते परक्या गावाच्या पाटीकडं बघावं तसं बघतायत.

त्यांनी पेन्सिल पाटीवर आडवी ठेवली. घरंगळू नये म्हणून तिला बोट लावलं.

“नूरीन,” ते म्हणाले, “इकडं ये, बेटा. ह्ये कागद तू घे. तू वाच, आन् तुझ्या नावाचा ‘न’ घाल इथं.”

“अब्बा, असं काय,” तारिक म्हणाला, “परवा तर तुम्ही—”

“परवा मी मोजलं, तारिक.” त्यांचा आवाज नेहमीचाच होता, साखर कमी आहे सांगावं तसा. “दातांच्या कागदावरबी मी नुसतंच लिवलं हुतं. मार्चपासनं एक अक्षर कळत न्हाई. मला वाचता येत न्हाई.”